पाच मायक्रोलिटरचा हिशेब

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियान-बारे सिंड्रोमचे) रुग्ण एकामागून एक निघायला लागले आणि ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ या जीवाणूचं नाव पुण्यात पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आलं. जीबीएस हा नसांवरचा आजार बहुतेक वेळा जुलाब होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी दिसतो. म्हणजे रुग्ण पाय उचलत नाही म्हणून दवाखान्यात येतो तेव्हा जुलाब कधीच थांबलेले असतात, मधे कुणीतरी अँटिबायोटिक दिलेलं असतं, आणि शौचात जिवंत जीवाणू उरले असले तर अगदी थोडे. त्यात कॅम्पिलोबॅक्टर वाढवायला नाजूक. त्याला ४२ अंश तापमान, ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड, वेगळं निवडक माध्यम आणि दोन-तीन दिवस लागतात. नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये मॅकॉन्कीच्या (आतड्यातले नेहमीचे जीवाणू वाढवायच्या) प्लेटवर तो दिसणारच नाही. अशा ठिकाणी पीसीआर, म्हणजे जीवाणूच्या डीएनएचा ठराविक तुकडा अनेकपट वाढवून शोधणारी चाचणी, लागतोच. हिपओ हा जीन जेजुनीत असतो आणि त्याच्या जवळच्या कॅम्पिलोबॅक्टर कोलायमध्ये नसतो, म्हणून दोघांत फरक करायला तो वापरतात.

पण शौचाचा पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणजे आजाराचं कारण सापडलं, असं होत नाही. आपल्याकडे, विशेषतः लहान मुलांत, एकाच नमुन्यात दोन-तीन रोगजंतू निघणं नवलाचं नाही, आणि त्यातला एखादा नुसताच मुक्कामाला असतो. दुसरी अडचण अशी की पीसीआरवर थांबलं तर हातात जीवाणू येत नाही. कोणतं औषध लागू पडतं, विहिरीतला आणि रुग्णातला वाण एकच आहे का, हे सगळं जिवंत जीवाणूवर किंवा निदान त्याच्या शुद्ध डीएनएवर ठरतं. म्हणून शौचाचे दोन भाग करावेत. एक कोरड्या डबीत पीसीआरला, दुसरा कॅरी-ब्लेअर या नमुना नेण्याच्या माध्यमात कल्चरला, म्हणजे जीवाणू वाढवून बघायला. पीसीआर पॉझिटिव्ह आला की त्याच दिवशी दुसरा भाग प्लेटवर लावायचा. हे काम वाढवतं म्हणून टाळलं जातं, आणि साथीच्या वेळी नेमकं तेच नडतं.

आता मुद्द्याचं. पीसीआर ‘अतिशय संवेदनशील’ असतो हे सगळ्यांना पाठ झालंय. तो ट्यूबमध्ये जे पडलं त्याच्यापुरता संवेदनशील असतो. टायफॉइडचं उदाहरण घ्या, कारण पावसाळ्यात याच चाचणीची मागणी सगळ्यात जास्त असते. टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तात साल्मोनेला टायफी मिलिलिटरला साधारण एखादाच असतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. आपण रक्त घेतो ३ मिलिलिटर, पण डीएनए काढायला किटमध्ये जातं त्यातलं २०० मायक्रोलिटर. डीएनए शेवटी १०० मायक्रोलिटर बफरमध्ये उतरतो. त्यातले ५ मायक्रोलिटर पीसीआरच्या ट्यूबमध्ये. म्हणजे प्रत्यक्षात तपासलं किती? १० मायक्रोलिटर रक्त, एका मिलिलिटरचा शंभरावा भाग. डीएनए काढताना काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तरी शंभर ट्यूब लावल्या तर त्यातल्या एखादीतच जीवाणूचा डीएनए असेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

उलट ब्लड कल्चरच्या बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त जातं आणि त्यातला एक जिवंत जीवाणू पुरतो, तो स्वतःच वाढून कोटींवर जातो. म्हणूनच पहिल्या आठवड्यातल्या टायफॉइडला, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेलं भरपूर रक्त आणि कल्चर, याला आजही तोड नाही. रक्त आधी पित्तक्षार घातलेल्या ब्रॉथमध्ये काही तास वाढवून मग पीसीआर लावला तर चित्र बदलतं, पण ते करणाऱ्या लॅब थोड्या. ‘टायफॉइड पीसीआर निगेटिव्ह’ एवढ्यावर ताप दुसऱ्या कशाचा तरी आहे असं ठरवू नये. सेप्सिससाठी थेट रक्तावर चालणाऱ्या चाचण्यांनाही हाच हिशेब लागू आहे. मोठ्या माणसाच्या रक्तात अशा वेळी मिलिलिटरला एक ते दहा जीवाणू असणं सर्रास आहे.

आणि हाच हिशेब मेनिंजायटिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गात, आपल्या बाजूने पडतो. पाठीतल्या पाण्यात जीवाणू मिलिलिटरला दहा हजारांपासून कोटीपर्यंत असू शकतात. तिथे १० मायक्रोलिटरमध्येही शंभरच्या वर प्रती येतात, आरामात. शिवाय सेफ्ट्रायाक्झोनचा पहिला डोस गेल्यावर मेनिंगोकॉकस दोनेक तासांतच कल्चरमधून नाहीसा व्हायला लागतो, न्यूमोकॉकस त्यानंतर काही तासांत. डीएनए मात्र दिवसेंदिवस राहतो. लहान मुलाला आधी इंजेक्शन, मग लंबर पंक्चर, असा क्रम आपल्याकडे नेहमीचा आहे आणि तो बरोबरही आहे. तिथे पीसीआर खरा कामाला येतो. न्यूमोकॉकससाठी लिट-ए हा जीन शोधायचा, मेनिंगोकॉकससाठी सॉड-सी. मेनिंगोकॉकसचा जुना सीटीआर-ए जीन कॅप्सूल (बाहेरचं आवरण) हरवलेल्या वाणांत चुकतो.

पाठीतल्या पाण्याच्या बाबतीत एक चूक वरचेवर होते. सगळं पाणी एका नळीत, आणि नळी फ्रिजमध्ये. पीसीआरला २ ते ८ अंश योग्य आहे. कल्चरला तेच घातक, कारण मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस गारठ्याने मरतात. तेव्हा नळ्या वेगळ्या हव्यात: कल्चरची खोलीच्या तापमानाला आणि लगेच, पीसीआरची थंड, आणि पीसीआरची नळी इतर कुणी उघडायच्या आधी बाजूला काढलेली. पेशी मोजायला, ग्लुकोज करायला तीच नळी चार टेबलं फिरून आली असेल तर त्यातल्या पॉझिटिव्हवर भरवसा कमी.

रक्ताच्या नळीचं टोपण बघा. जांभळं टोपण, म्हणजे ईडीटीए, चालतं. हिरवं, म्हणजे हेपरिन, चालत नाही. हेपरिन पॉलिमरेज एन्झाइमला अडवतं आणि डीएनएबरोबर शेवटपर्यंत येतं, किटच्या धुण्यातूनही पूर्ण जात नाही. चाकण, बारामती, शिरूरच्या कलेक्शन सेंटरवरून दुचाकीवर येणाऱ्या बॅगेत आइसपॅक आहे का, आणि एप्रिलच्या उन्हात तो पोचेपर्यंत थंड राहिला का, हेही विचारायला हवं. बॅगेत पाच रुपयांची तापमानपट्टी टाकायलाही टाळाटाळ होते, आणि मशीन मात्र लाखोंचं.

लेप्टोस्पायरोसिसमध्ये दिवस मोजणं महत्त्वाचं. तापाच्या पहिल्या आठवड्यात रक्त, त्यानंतर लघवी. दहाव्या दिवशी रक्ताचा पीसीआर मागवला तर तो निगेटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा रक्तातली आयजीएम अँटिबॉडी बघावी. स्क्रब टायफसमध्ये अंगावर काळी खपली असेल तर तीच सगळ्यात चांगला नमुना, रक्तापेक्षाही. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली लपलेली असते आणि दुखत नाही, त्यामुळे रुग्ण सांगत नाही. शोधावी लागते. निर्जंतुक चिमट्याने उचलून कोरड्या नळीत टाकायची. डॉक्सिसायक्लिनचे एक-दोन डोस गेले असले तरी खपलीत डीएनए सापडू शकतो.

डीएनए काढण्याबद्दल थोडं. ई. कोलाय, क्लेबसिएला या ग्रॅम-निगेटिव्हांची भिंत पातळ, प्रोटिनेज के आणि ५६ अंश पुरे. स्टॅफिलोकॉकस, एन्टेरोकॉकस या जाड भिंतीच्या ग्रॅम-पॉझिटिव्हांना आधी लायसोझाइम (साधारण २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर अर्धा तास) हवं. स्टॅफिलोकॉकसला तेही पुरत नाही, लायसोस्टॅफिन लागतं. मायकोबॅक्टेरियाला काचेच्या मण्यांबरोबर जोरात घुसळल्याशिवाय गत्यंतर नाही. एकाच किटने, एकाच पद्धतीने सगळे नमुने काढणाऱ्या लॅबमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह जास्त सापडतात आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह कमी, यात रोगाचा दोष नाही.

डीएनएबरोबर येणारे अडथळे ठरलेले: रक्तातलं हीम, शौचातले पित्तक्षार, लघवीतला युरिया, चिकट कफातली पॉलिसॅकराइडं, बायोप्सी फॉर्मॅलिनमध्ये टाकली असेल तर फॉर्मॅलिन. म्हणून प्रत्येक नमुन्यात अंतर्गत कंट्रोल (मुद्दाम घातलेला ओळखीचा डीएनए) घालायचा, आणि तो पीसीआरच्या ट्यूबमध्ये न घालता डीएनए काढायच्या आधी, लायसिस बफरबरोबर (पेशी फोडणाऱ्या द्रावणाबरोबर). मग तो काढण्याची आणि वाढवण्याची दोन्ही परीक्षा घेतो. कंट्रोलही उमटला नाही तर रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ नाही, ‘अवैध’. अशा वेळी डीएनए १:१० पातळ करून परत लावा. पुष्कळदा तेवढ्यानेच अडथळा निघून जातो आणि दडलेला पॉझिटिव्ह वर येतो.

२० मायक्रोलिटरची साधी रिॲक्शन अशी: दुप्पट तीव्रतेचं मास्टरमिक्स (एन्झाइम आणि बाकी रसायनांचं तयार मिश्रण) १०, दोन्ही प्रायमर, म्हणजे शोधायचा तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे (१० मायक्रोमोलर), प्रत्येकी ०.८, तुकडा सापडला की उजेड देणारा प्रोब (१० मायक्रोमोलर) ०.४, पाणी ३, नमुना ५. मिश्रण नेहमी दहा टक्के जास्त करायचं, नाहीतर शेवटच्या दोन ट्यूबना कमी पडतं आणि नेमका तिथेच निगेटिव्ह कंट्रोल असतो. ९५ अंशांवर सुरुवात, मग ९५ ला १५ सेकंद आणि ६० ला १ मिनिट, अशी ४० आवर्तनं. ट्यूबच्या टोपणावर मार्करने नंबर लिहू नका. पुष्कळ मशीनमध्ये प्रकाश टोपणातूनच वाचला जातो. बुडबुडे राहिले असतील तर सेंट्रिफ्यूजमध्ये एक फेरी द्या. एन्झाइम आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजरमध्ये ठेवू नका. तो फ्रीजर रोज स्वतःला थोडा तापवतो, आणि महिन्याभरात किट मेलं की दोष कंपनीला.

खोल्यांबद्दल मी जरा हट्टी आहे. पीसीआर संपलेल्या ट्यूबमध्ये त्या तुकड्याच्या प्रती लाख कोटींच्या घरात असतात. ट्यूब उघडताना त्यातला अब्जावा भाग हवेत गेला तरी हजार प्रती उडाल्या, आणि पुढच्या रिॲक्शनला दहा प्रती पुरतात. म्हणून मिश्रण करायची खोली वेगळी, डीएनए काढायची वेगळी, मशीनची वेगळी. माणूस आणि सामान एकाच दिशेने जाणार. मशीनच्या खोलीतला ॲप्रन, पेन, मोबाइल मिश्रणाच्या खोलीत येणार नाही. तीन खोल्यांना तीन रंगांचे ॲप्रन दिले की चुकलेला लांबूनच दिसतो. पिपेटच्या टिपा फिल्टरवाल्याच. आणि रिअल-टाइमची ट्यूब संपल्यावर उघडायचीच नाही, बंद पिशवीत घालून फेकायची. ती ऑटोक्लेव्हही करू नये, कारण झाकण उडालं तर वाफेबरोबर प्रती सगळीकडे पसरतात.

ओटा स्पिरिटने पुसून समाधान मानणारे खूप. सत्तर टक्के अल्कोहोल जीवाणू मारतं, डीएनएला काही करत नाही. त्याला हायपोक्लोराइट लागतं: बाजारातलं ४-५ टक्क्यांचं, १:१० पातळ केलेलं, रोज ताजं, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग पाण्याने पुसायचं, नाहीतर धातू खातं. एक धोका मात्र लक्षात ठेवा. डीएनए किटच्या लायसिस बफरमध्ये ग्वानिडीन असतं. ते सांडलं तर त्यावर हायपोक्लोराइट (ब्लीच) टाकू नका, विषारी वायू तयार होतो. आधी साबणाच्या पाण्याने टिपून घ्या. कचऱ्याच्या भांड्यातही दोन्ही एकत्र येऊ देऊ नका.

दर फेरीत दोन निगेटिव्ह हवेत. एक नुसतं पाणी घातलेला, आणि एक डीएनए काढण्याच्या सगळ्या पायऱ्यांतून गेलेला कोरा नमुना. पहिला स्वच्छ आणि दुसरा पॉझिटिव्ह, तर घाण डीएनए काढण्याच्या टेबलावर आहे. दोन्ही पॉझिटिव्ह, तर मिश्रणात. सगळी फेरी रद्द करायची. पेशंटचा मुलगा खाली बाकावर बसलाय म्हणून ‘हा नमुना तर स्पष्टच पॉझिटिव्ह आहे’ असं म्हणत रिपोर्ट सोडायचा नाही.

सीटीचा आकडा, म्हणजे कितव्या आवर्तनाला खूण उमटली ते, रिपोर्टवर छापायची पद्धत कोविडपासून पडली. साधारण ३.३ आवर्तनं म्हणजे दहापट फरक, एवढं खरं. पण बेडका घट्ट होता की पाण्यासारखा, स्वॅब नीट घासला की नुसता टेकवला, यावर हा आकडा सहज पाच-सहाने हलतो. दोन लॅबच्या सीटीची तुलना करण्यात अर्थ नाही. आकड्याच्या आधी आलेख बघा. ३७ नंतर सरपटत वर आलेली, वळण न घेतलेली रेघ दिसली तर पुन्हा डीएनए काढा, पुन्हा लावा.

इथवर ज्या चाचण्या बोललो, त्या ‘हा आहे का?’ एवढंच विचारतात. ज्याचा प्रायमर घातला नाही तो सापडणार नाही. ‘कोण आहे?’ असं विचारायचं तर १६एस. रायबोसोमच्या एका भागाचा हा जीन सगळ्या जीवाणूंत असतो, लांबी साधारण १५०० बेस. मधूनमधून सगळ्यांत सारखे आणि मधूनमधून जातीनुसार बदलणारे नऊ पट्टे. सारख्या भागावर प्रायमर बसवायचे (२७एफ आणि १४९२आर ही नेहमीची जोडी) आणि मधलं वाचायचं. प्लेटवर आलेल्या वसाहतीला पूर्ण लांबी जमते. थेट झडपेच्या तुकड्यावर किंवा सांध्यातल्या पुवावर काम असेल तर डीएनए तुटलेला असतो आणि माणसाचा डीएनए ढीगभर, तिथे पहिले ५०० बेस घ्यावेत. हृदयाच्या झडपेचा संसर्ग आहे आणि कल्चर कोरं, अशा वेळी बार्टोनेला किंवा कॉक्सिएला याच वाटेने सापडतात.

१६एसची डोकेदुखी अशी की खुद्द रसायनांत जीवाणूंचा डीएनए असतो. पीसीआरमध्ये डीएनए वाढवणारं टॅक एन्झाइमच ई. कोलायमध्ये बनवतात. राल्स्टोनिया, ब्रॅडीरायझोबियम, पाण्यातले स्यूडोमोनास हे किटमधून येणारे नेहमीचे पाहुणे. आवर्तनं ३०-३५च्या वर नेली की कोरी ट्यूबसुद्धा बोलायला लागते. रुग्णाच्या सांध्यात राल्स्टोनिया ‘सापडला’ तर आधी कोऱ्या नमुन्याचा सिक्वेन्स वाचा.

सिक्वेन्स आल्यावर आधी शिखरं बघा. एकावर एक दोन शिखरं म्हणजे दोन जीवाणू, तिथे नाव देऊ नका. एका वाचनात ७०० ते ९०० बेस चांगले मिळतात, टोकं छाटा. मग जुळवणी, आणि तीही प्रमाण वाणांशीच. जेनबँक या सार्वजनिक सिक्वेन्ससंग्रहात चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्स भरपूर आहेत, पहिल्या ओळीतलं नाव उचलून रिपोर्टात लिहिणं म्हणजे आंधळेपणा. ९९ टक्क्यांच्या वर जुळलं आणि पुढची जात निदान अर्ध्या टक्क्याने मागे असेल, तर जात (स्पीशीज) लिहा. ९७ ते ९९ असेल तर नुसती प्रजाती (जीनस). आणि काही जोड्या कितीही वाचलं तरी सुटत नाहीत: ई. कोलाय आणि शिगेला, न्यूमोकॉकस आणि मायटिस, बॅसिलस ॲन्थ्रॅसिस आणि सेरियस. तिथे आरपीओबी, गायर-बी असे दुसरे जीन किंवा साध्या जुन्या चाचण्या. न्यूमोकॉकस वेगळा काढणारी ऑप्टोचिन डिस्क काही रुपयांत मिळते.

पुण्यात एक सोय चांगली आहे. एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेचं नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आणि पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम, असे दोन मोठे जीवाणूसंग्रह गावातच आहेत. पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी मागच्या रुग्णाचा नमुना जपून वापरण्यापेक्षा ओळख पक्की असलेला संदर्भ-वाण घ्यावा, आणि कंट्रोल कमी तीव्रतेचा ठेवावा. सीटी १५चा कंट्रोल टेबलावर असला की तोच एक दिवस बाकीच्या नमुन्यांत सापडतो.

टीबीच्या सीबीनॅटबद्दल, म्हणजे काडतुसात आपोआप होणाऱ्या पीसीआरबद्दल, सगळ्यांना वाटतं की काडतूस घालायचं आणि दोन तासांनी उत्तर. घोटाळे काडतुसाच्या बाहेर होतात. थुंकी नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, निदान १ मिलिलिटर. त्यात दुप्पट सॅम्पल रिएजंट, झाकण लावून जोरात १०-२० वेळा हलवायचं, १५ मिनिटं थांबायचं, मधे परत एकदा हलवायचं. गाठी राहिल्या तर दाब वाढून मशीन एरर दाखवतं. मग २ मिलिलिटर काडतुसात. काडतुसात बॅसिलसचे बीजाणू कंट्रोल म्हणून असतातच. ते उमटले नाहीत आणि टीबीही नाही, तर ‘इनव्हॅलिड’, परत करा. टीबी उमटला आणि कंट्रोल नाही, तर निकाल धरायला हरकत नाही, कारण भरपूर टीबीने कंट्रोलला मागे टाकलेलं असतं.

सीबीनॅटच्या जुन्या एक्सपर्ट काडतुसाला मिलिलिटरला साधारण १३१ जीवाणू लागत, नंतरच्या अल्ट्राला साधारण १६. अल्ट्रा आयएस६११० आणि आयएस१०८१ हे अनेक प्रती असलेले तुकडे शोधतो म्हणून. त्यातूनच ‘ट्रेस’ (अगदी पुसट खूण) हा निकाल आला. ट्रेसमध्ये रिफाम्पिसिनचं उत्तर मिळत नाही, आणि आधी टीबी होऊन गेलेल्या माणसात तो जुन्या मेलेल्या जीवाणूंचाही असू शकतो. याच कारणाने औषधं चालू असताना सुधारणा बघायला सीबीनॅट वापरत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि कल्चर. रिफाम्पिसिनचा प्रतिकार आरपीओबी जीनच्या ८१ बेसच्या पट्ट्यात वाचला जातो. सुमारे ९५ टक्के बदल तिथेच असतात, उरलेले बाहेर. औषधं नीट घेऊनही रुग्ण बिघडत असेल तर ‘सेन्सिटिव्ह’ या शब्दावर बसून राहू नये.

प्रतिकाराच्या जीन्सचं असंच आहे. आयसीयूतल्या क्लेबसिएलात मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणाऱ्या जीन्सपैकी आपल्याकडे एनडीएम आणि ओएक्सए-४८ हेच मुख्य, केपीसी क्वचित. बाहेरून आणलेल्या पॅनेलमध्ये (एकदम अनेक जीवाणू आणि जीन शोधणाऱ्या चाचणीत) केपीसी ठळक आणि ओएक्सए-४८ गाळलेला असेल तर ते आपल्या कामाचं नाही. फरक थेट औषधाचा आहे. सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम ओएक्सए-४८वर चालतं, एनडीएमवर नाही, तिथे ॲझट्रिओनाम जोडावं लागतं. आणि पॅनेलमधले सगळे जीन निगेटिव्ह आले तरी मेरोपेनेम चालेलच असं नाही. पोरिन (औषध आत यायची दारं) हरवून, औषध बाहेर फेकणारे पंप वाढवूनही जीवाणू तगतो, आणि त्याचा प्रायमर पॅनेलमध्ये नसतो. म्हणून ब्लड कल्चरच्या बाटलीवर पॅनेल लावलं तरी त्याच बाटलीचा ग्रॅम स्टेन आणि सबकल्चर त्याच वेळी लावायचं. ग्रॅम स्टेनमध्ये नुसते गोल जीवाणू आणि पॅनेलवर स्यूडोमोनास, असं आलं तर फोन करायच्या आधी बाटलीचा लॉट नंबर बघा. माध्यमातला मेलेला जीवाणू पॅनेलला दिसतो, प्लेटवर कधीच येत नाही.